दोन चांगले दात

१२ जानेवारी

ठमे,

आशीर्वाद तुला रोजच चालू असतात, ते वेगळे लिहून पाकिटाचं वजन वाढवत नाही. तू नोकरीवर रुजू होऊन बारा दिवस झाले आणि पोचल्याच्या चार ओळी सोडल्या तर मला काही कळलेलं नाही. तू फोन करतेस, पण फोन जवळ नेला की माझ्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं. मग तुझी मामी बोलते आणि मला तुझ्या दहा वाक्यांचं एक करून सांगते. "बरी आहे म्हणाली." अर्धा तास बोलून एवढंच कसं होईल? म्हणून पत्र लिहीत जा. मीही लिहीन. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, तेव्हा चुका पोटात घाल.

दिवसभर उभं राहावं लागतं की बसून काम असतं? पायात काय घालतेस? डबा वेळेवर खातेस का? तिथला साहेब डॉक्टर आहे की दुसराच कोणी? खोलीची कडी आतून नीट लागते ना? तू नऊ वर्षांची असताना माझ्या बहिणीने जाताना तुझा हात माझ्या हातात दिला, तेव्हापासून काळजी हा माझा जोडधंदा झाला आहे. शिवणयंत्रं दुरुस्त करायचं दुकान बंद केलं, पण हा धंदा काही बंद होत नाही.

तुझा कोटातला फोटो मामीने कपाटावर लावला आहे. खिशावर तुझं नाव शिवलंय ते छान, पण ज्या मशीनवर शिवलंय त्याचा खालचा दोरा ताणलेला आहे. धुतल्यावर आकसेल. सांगून ठेव.

आपल्या गल्लीतले दातवाले जिन्यात भेटले होते. "पोरीला माझी खुर्ची देत होतो, तुम्ही मोडता घातलात," म्हणाले. मी म्हणालो, "तुमची एक खुर्ची, तीही तुमच्याएवढी म्हातारी. तिला नऊ खुर्च्यांचा दवाखाना मिळालाय." ते हसले, पण मनापासून नाही. ठमे, मी चाळीस वर्षं एका दुकानात बसून दाराकडे बघत काढली. गिऱ्हाईक येतंय का, येतंय का. तुला दाराकडे बघावं लागू नये एवढंच माझ्या मनात होतं. चुकलो तर नाही ना?

माझे दात ठणठणीत आहेत. चौऱ्याहत्तराव्या वर्षी स्वतःचे बावीस. दातवाल्यांना मी कधी धंदा दिला नाही, त्याचाच त्यांना राग असावा.

तुझा मामा


२ फेब्रुवारी

मामा, नमस्कार.

तुमच्या पत्रात किती प्रश्न होते ते मी मोजायला घेतलं आणि सोडून दिलं. जमतील तेवढ्यांची उत्तरं देते. काम बसून असतं, चाकाच्या स्टुलावर. पायात बंद बूट. कडी नीट लागते. डबा खाते, पण कधी खायचा ते संगणक ठरवतो.

साहेब डॉक्टर नाहीत. आमचे व्यवस्थापक याआधी गाद्यांची दुकानं सांभाळायचे. माणूस वाईट नाही, कोणावर आवाज चढवत नाही. त्यांना दात आणि गादी यांत फरक दिसत नाही, इतकंच. दोन्ही जुने झाले की बदलायचे.

सकाळी दहा मिनिटं आम्ही सगळे एका पांढऱ्या फळ्यासमोर उभे राहतो. प्रत्येकाच्या नावापुढे आदल्या दिवशी किती दातांवर कॅप बसवल्या तो आकडा असतो. माझं नाव सगळ्यात खाली आहे. शाळेत मी कधी शेवटची नव्हते, त्यामुळे फळ्याकडे न बघता कोटाची बटणं लावायला शिकले.

प्रत्येक माणसाला वीस मिनिटं. जी खुर्ची मोकळी तिथे तो जातो. मी ज्याचा दात भरला तो पुढच्या खेपेला दुसऱ्याच कोणाकडे असतो. माझं काम टिकलं की पडलं, मला कळतच नाही. तुमच्याकडे मशीन परत यायचं, तुम्ही चार शब्द ऐकून घ्यायचा, पण कुठे चुकलं ते कळायचं तरी. कॅपही लांबच्या कारखान्यातून येतात, मोठ्या कचेरीने ठरवलेल्या. बसली नाही तर परत पाठवायची सोय नाही. "घासून बसवा," एवढंच उत्तर.

एक गंमत सांगते. काही दातांवर बारीक तपकिरी रेघ असते. कॉलेजात शिकवलं होतं की अशा दाताला हात लावायचा नाही, सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं. इथल्या संगणकात प्रत्येक दातासमोर दोनच चौकोन आहेत, 'करायचं' आणि 'झालं'. 'राहू दे' असा चौकोनच नाही. पहिल्या दिवशी मी तो शोधत बसले, तर शेजारच्या खुर्चीवरची डॉक्टर म्हणाली, "अगं, मी दोन वर्षं शोधतेय."

जूनअखेर माझा आकडा निदान मधोमध आला नाही तर "आपण बसून बोलू" असं व्यवस्थापक हसत म्हणाले. काळजी करू नका, असं तुम्हाला लिहिण्यात अर्थ नाही, तरी लिहिते.

ठमी


१० फेब्रुवारी

ठमे,

तुझं पत्र तीनदा वाचलं, एकदा मामीला मोठ्याने. 'बसून बोलू' म्हणजे काय ते तुला माहीत नाही, मला आहे. मी उमेदवारी केली त्या कारखान्यात मालक उभ्याने शिव्या द्यायचा तोवर नोकरी शाबूत असायची. "बस रे जरा," म्हणाला की संपलं.

तेव्हा माझं ऐक. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. थोडं त्यांच्या कलाने घे. दहांतला एक दात त्यांच्या मनासारखा केलास तर जग बुडणार नाही. तुला म्हणून सांगतो, चालत्या मशीनचा पट्टा मीही कधीकधी बदलला आहे. गिऱ्हाईक समोर उभं, हातात नवा पट्टा, लावून टाकला. कोणाचं काही बिघडलं नाही.

हे वाचून दाखवलं तर मामी म्हणाली, "पट्टा दुकानात मिळतो. दात कुठल्या दुकानात मिळतो?"

मी म्हणालो, "तू गप्प बस."

"गप्पच होते. तुम्हीच वाचून दाखवलंत."

तिच्यापुढे माझं कधी काही चाललं आहे?

एक विचारायचं होतं. फोटोत तुझ्या कोटावर आहे तसाच हसऱ्या दाताचा फलक इथे बसस्टँडसमोर लागला आहे. परवा काचेतून आत बघून आलो. पाच खुर्च्या, सगळं चकचकीत, कोणी मोठ्याने बोलत नाही. हे तुमचेच लोक का? त्यांचा हिशेब वेगळा की तुमचा सगळ्यांचा एक? नुसतं विचारतोय.

मामा


२४ फेब्रुवारी

मामा,

हो, ते आमचेच लोक. सगळ्या शाखांचे आकडे संध्याकाळी एकाच ठिकाणी जमा होतात आणि सकाळी फळ्यावर येतात.

तुमचा सल्ला पोचायच्या आधीच मी तो पाळला होता. एक शिक्षिका नुसते दात साफ करून घ्यायला आल्या होत्या. वरच्या दाढेत जुनं सिमेंट, कडेला बारीक रेघ. मी राहू दिलं असतं. व्यवस्थापक दारात येऊन उभे राहिले. ते आत येत नाहीत, बोलत नाहीत, नुसते उभे राहतात. कॅपचं कारण संगणकाला द्यावं लागतं, त्याची यादी आहे: कीड, तडा, झीज, पडलेलं सिमेंट. मी 'तडा' निवडलं. तडा नव्हता. मग दाढ चारी बाजूंनी घासली. एकदा घासलेला दात पुन्हा वाढत नाही, मामा. त्या जाताना म्हणाल्या, "तुमचा हात फार हलका आहे हो." दुसऱ्या दिवशी फळ्यासमोर माझ्यासाठी टाळ्या वाजल्या.

त्या एका दाढेची मला भीती वाटत नाही. त्या दिवशी घरी जाताना मी भाजी घेतली, साबण घेतला, मैत्रिणीशी हसून बोलले, आणि त्या बाई मला आठवल्या त्या दुसऱ्या दिवशी, टाळ्या वाजल्यावर. भीती याची वाटते. असे पन्नास झाले की टाळ्या वाजल्यावरही आठवणार नाहीत. त्याआधी इथून निघायला हवं, एवढं मला कळतं.

पण कसं निघू? नोकरीच्या कागदावर सही करताना मी एक कलम नीट वाचलं नाही. सोडल्यावर दोन वर्षं त्यांच्या कुठल्याही शाखेच्या वीस किलोमीटरच्या आत दातांचं काम करायचं नाही. दातवाल्यांची खोली बसस्टँडपासून चालत दहा मिनिटं. म्हणजे तीही गेली.

हे मामीला वाचून दाखवू नका. किंवा दाखवा. ती नाहीतरी पाकीट उजेडाकडे धरून अर्धं वाचतेच.

ठमी


१२ मार्च

ठमे,

असं तडकाफडकी कोणी निघतं का? बाहेर नोकऱ्या झाडाला लागलेल्या नसतात. जरा दम धर. या महिन्यात तुझा आकडा दोनाने वाढलेला दिसेल. कसा, ते विचारू नकोस. त्यात तुझा हात नाही, तुझी सही नाही, म्हणून तुझ्या मनाला टोचणीही नको. तुझ्या साहेबाला जूनमध्ये बसायची पाळी येणार नाही, हे मी बघतो. गरज पडली तर पुढच्या महिन्यात आणखी दोनांची सोय करीन.

मी मजेत आहे. बाकी सर्व ठीक.

मामा

(पाकिटातली दुसरी चिठ्ठी)

ठमे, पाकीट चिकटवायच्या आधी ही चिठ्ठी आत सरकवते आहे. तुझ्या मामांनी बसस्टँडवरच्या त्या दवाखान्यात जाऊन उजवीकडचे खालचे दोन दात घासून त्यांवर कॅप बसवून घेतल्या आहेत. दात दुखत नव्हते. आता दुखतात. पाणी मान वाकडी करून डावीकडून पितात आणि मी बघतेय असं दिसलं की खिडकीबाहेर बघतात. जेवण कालवून गिळतात. का केलं विचारलं तर म्हणतात, "ठमीचं काम होतं." तुझं कसलं काम ते तूच मला सांग, कारण ह्यांच्या लेखी मी पाकिटाला लावायच्या डिंकाइतकीच. — मामी


१६ मार्च

मामा,

मामीची चिठ्ठी दवाखान्यात उभ्याने वाचली.

तुम्ही काय केलंत? सगळं लिहा. कोणाकडे गेलात, काय बोललात, इंजेक्शन किती वेळा दिलं, नुसतं गार लागल्यावर ठणकतं की आपोआप. एक अक्षर लपवू नका. आणि त्या दवाखान्यात पुन्हा पाऊल टाकू नका.

माझ्या नावावर त्यातला एकही आकडा पडलेला नाही. पडणारच नव्हता. ज्याच्या खुर्चीत काम होतं त्याचंच नाव लागतं. मी नीट लिहिलं नाही, ही माझी चूक. पण मामा, तुम्ही विचारायचं तरी होतं.

ठमी


२१ मार्च

ठमे,

विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही. आता सगळं लिहितो.

तुझं पत्र वाचून मी समजलो की आकडे एका ठिकाणी जमा होतात, म्हणजे तुझं नाव सांगितलं की ते तुझ्या खात्यात पडत असणार. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म दिला. 'तुम्हाला कोणी पाठवलं' असा रकाना होता. तिथे तुझं पूर्ण नाव दोनदा गिरवून लिहिलं. मला वाटलं, झालं काम.

आत जी डॉक्टर होती ती तुझ्याच वयाची. केस तुझ्यासारखेच वर बांधलेले, चष्मा नाकावरून घसरणारा. तिने एकेक दात ठोकून बघितला, फोटो काढला, आणि म्हणाली, "काका, तुमच्या वयाला हे दात म्हणजे सोनं आहे. साफ करून देते, घरी जा."

मी म्हणालो, "कॅप बसवा. दोन."

"कशावर?"

"तुम्हाला सोयीच्या असतील त्यांवर."

ती हसली. मी हसत नाही म्हटल्यावर तिने चष्मा वर केला. "कोणी सांगितलं तुम्हाला हे?"

मी म्हणालो, "माझी भाची तुमच्यातच डॉक्टर आहे. तिच्या फळ्यावर आकडा कमी पडतोय."

त्यावर तिने दाराकडे बघितलं. तिथे टाय लावलेला एक गृहस्थ येऊन उभा होता. कधी आला कळलं नाही. ती खाली वाकून हळूच म्हणाली, "काका, घासलेला दात परत येत नाही."

"माहीत आहे."

"नक्की करायचं?"

"नक्की."

"पुन्हा विचारते."

"पुन्हा हो."

इंजेक्शन दोन दिली. हात हलका होता. मध्येच एकदा थांबली आणि तोंड फिरवून चष्मा पुसला. आठवड्याने पक्क्या कॅप बसवायला गेलो तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं नाही, नुसतं "तोंड उघडा," "मिटा," एवढंच. ठणका फक्त गार लागल्यावर येतो. खर्चाचं विचारू नकोस.

तुझी चार ओळींची चिठ्ठी आल्यापासून मी एकच गोष्ट घोळवतो आहे. दारात एक जण उभा होता आणि खुर्चीत एक जण बसला होता, आणि ती पोरगी दोघांच्या मध्ये. दारातला तर बोललाही नाही. बोललो तो मी. तिने मला दोनदा सोडवायला बघितलं आणि मी तिला दोनदा अडकवलं. तिच्या घरी कोणी मामा असेल आणि त्याला हे कळलं तर तो मला काय म्हणेल? तू शिक्षिकाबाईंचं लिहिलंस तेव्हा मी त्या बाईंचा विचारच केला नाही. तुझ्या आकड्याचा केला. मामीला पट्टा आणि दात यांतला फरक एका वाक्यात कळला होता, मला त्यासाठी दोन दात खर्च करावे लागले.

दातवाल्यांकडे गेलो होतो. त्यांनी खोली चष्म्याच्या दुकानाला दिली. खुर्ची भंगारात गेली. मी दुसरीकडे बघत "बरं झालं" म्हणालो, का ते माझं मला ठाऊक नाही.

ठमे, निघ तिथून. मला भीती वाटतेच आहे, ती जायची नाही. तुझं कसं होणार, कुठे जाशील, काय खाशील, सगळं डोक्यात फिरतंय. पण माझ्या भीतीपायी तू नोकरी करू नकोस.

मामा


२ एप्रिल

मामा,

सगळ्या शाखांचे कागद आमच्या संगणकात दिसतात. तुमचं नाव टाकलं आणि तुमचे दात समोर आले. आधीच्या फोटोत ते दोन्ही नुसते उभे होते, भरीव, कुठे काळा ठिपकासुद्धा नाही. शेजारी नंतरचा फोटो. खाली कारण लिहिलेलं: तडा.

तिनेही तडाच निवडला. यादीत 'भाचीसाठी' असं कारण नव्हतं ना. मग शिक्षिकाबाईंचा कागदही उघडला. माझ्या खुर्चीतल्या बाईंच्या नावाखाली मी लिहिलेला शब्द अगदी तसाच दिसतो, त्याच अक्षरात. बघणाऱ्याला वाटेल, दोघांचे दात खरंच तडकले होते.

दुपारी राजीनामा दिला. व्यवस्थापकांना खरंच कळेना. "कोणी त्रास दिला का?"

"नाही."

"खुर्ची बदलून हवी? खिडकीजवळची देतो."

"नको."

"मग झालं काय?"

मी म्हणाले, "माझ्या मामाचे दात चांगले होते."

त्यांनी मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं असेल, देव जाणे. महिनाभर काम करून द्यावं लागेल. तोवर कॅपसाठी एकाही दाताला हात लावणार नाही असं सांगितलं, तर म्हणाले, "मग फळ्यावरून नाव काढून टाकू." काढून टाकलं.

नंतर त्या शिक्षिकाबाईंना फोन केला. सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "हे मला आत्ता का सांगताय? सांगून तुमचं मन हलकं होईल. माझ्या दाढेचं काय?" त्यांनी फोन ठेवला. मन हलकं झालं नाही, तेही बरोबरच झालं.

तुम्ही कोमट पाण्याने चूळ भरा, डावीकडून चावा. रविवारी येते, दिव्याखाली बघीन. मामीला सांगा, तिला दवाखान्यातलं पहिल्यापासून सगळं सांगणार आहे, एका वाक्यात नाही.

ठमी


२८ मे

मामा आणि मामी,

नवी खोली लहान आहे, नळ गळतो, आणि कडी आतून नीट लागते, हे आधीच सांगून टाकते. दवाखाना दोन खुर्च्यांचा. एक माझी, एक मोठ्या बाईंची. बाई तुमच्याच वयाच्या. सगळ्यात जवळची शाखा इथून एकतीस किलोमीटरवर, मी नकाशावर तीनदा मोजलं. पगार पहिल्यापेक्षा बराच कमी आहे. त्याची चिंता मी करते, तुम्ही नका करू. दोघांनी एकच चिंता कशाला करायची?

इथे संगणक नाही, जाड वही आहे. बाईंच्या अक्षरात कितीतरी दातांसमोर नुसती तारीख आहे, कधी पुन्हा बघायचं त्याची. काही दात त्या अकरा वर्षं बघतायत.

परवा एक रिक्षावाला तावातावाने आला. "तुम्ही भरलेलं सिमेंट आठ दिवसांत पडलं!" मी त्याला बसवलं आणि माझी चूक बघितली. कोपऱ्यात ओल राहिली होती. पुन्हा भरलं. तो जाईपर्यंत बडबडत होता आणि मी मान हलवत होते.

एकच अडचण आहे. बाईंचा उजवा हात थरथरायला लागला आहे. त्या आता तपासतात, सांगतात, पण हत्यार धरत नाहीत. रांग जिन्यापर्यंत जाते. संध्याकाळी माझी बोटं वळत नाहीत. बाई म्हणतात, आणखी कोणी मिळालं तर बघ, पण इतक्या आडगावी इतक्या पगारावर येणार कोण?

तुमच्या कॅप व्यवस्थित बसल्या आहेत, हे मी मागे बोलले नाही. काम चांगलं केलंय तिने.

ठमी


६ जून

ठमे,

तू पाऊल टाकू नका म्हणाली होतीस म्हणून आधी कबूल करतो. दवाखान्यात पाऊल टाकलं नाही, समोरच्या बाकावर बसलो. तिथे दुपारी एक वाजता ती डबा घेऊन येते, हे मला आधी दोन दिवस बसून कळलं होतं. मामी म्हणाली, "म्हातारपणी हेर झालात." म्हटलं, म्हणू दे.

मला बघून तिचा चेहरा उतरला. "काका, दुखतंय का? तक्रार करायची असेल तर करा. मी नाकारणार नाही."

मी म्हणालो, "तक्रार आहे, पण माझी माझ्यावरच. तुम्ही दोनदा नको म्हणालात. मी ऐकलं नाही. ते सांगायला आलो."

ती डबा मांडीवर ठेवून बसली. उघडला नाही. म्हणाली, "त्या दिवशी मला फळ्यावर दोन कमीच पडत होते. तुम्ही नसता आलात तर दुसऱ्या कोणाचे केले असते." मग मला तिथेच उन्हाकडे तोंड करून जबडा उघडायला लावला, दोन्ही बाजूंनी बघितलं, कॅपच्या कडेवरून बोट फिरवलं. येणारे-जाणारे बघत होते. मी लाजलो, ती नाही लाजली.

"तुमच्या भाचीचा आकडा झाला का पुरा?"

"नाही. ती निघाली."

"निघाली? सरळ?"

मग मी तुझं सगळं सांगितलं. दोन खुर्च्या, जाड वही, थरथरणारा हात, जिन्यापर्यंतची रांग. पगार कमी आहे हेही सांगितलं, लपवलं नाही. शेवटी तिने एकच विचारलं, "वीसच्या बाहेर आहे का ते?"

मी म्हणालो, "एकतीस."

तिने ओठांतल्या ओठांत तो आकडा म्हटला. तेवढ्यात तिची वेळ संपली. डबा तसाच घेऊन आत गेली.

तिला मी तुझा पत्ता दिलेला नाही. मामी म्हणाली, "द्यायचा होता की, वेंधळ्यासारखे परत आलात." पण या वेळी तुला विचारल्याशिवाय मी काही करणार नाही. बाईंनाही विचार. पुढच्या गुरुवारी दुपारी एक वाजता मी त्या बाकावर असेन आणि ती मला विचारेल, असं मला वाटतं. तोपर्यंत तुझं उत्तर हातात पडेल अशा बेताने टाक.

तुझा मामा